वंशावळ काढून देतो म्हणाला आणि कोणाचेही पूर्वज आमच्या गळ्यात मारले

पप्पांना खूप वर्षांपासून वाटायचं की आपलं घराणं गावात कधीपासून आहे ते एकदा शोधावं. चर्चची जुनी रजिस्टरं लॅटिनमध्ये, आम्हाला काय वाचता येणार, म्हणून ऑनलाइन एकजण भेटला, मी हेच काम करतो म्हणाला, त्याला अर्धे पैसे आधी दिले. दोन महिन्यांत चार्ट आला, थेट 1490 पर्यंत 18 पिढ्या, सोनेरी बॉर्डर, खाली शिक्का. उरलेले पैसे लगेच पाठवले. पप्पांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावला, येईल त्याला दाखवायचे.

1490 वाचूनच मला शंका यायला हवी होती. बाप्तिस्मा आणि लग्नाची वही ठेवायचीच हा कॅथलिक चर्चचा नियम ट्रेंटच्या परिषदेने 1563 ला केला, मयताची वही सक्तीची झाली ती 1614 ला, मग त्याआधीचा साधा शेतकरी बाप-आजाच्या नावासकट याला सापडला कुठे?

मी प्रत्येक नावापुढे रजिस्टरचं पान आणि नोंद नंबर मागितला तर म्हणे ते आमचं सिक्रेट आहे. खूप मागे लागल्यावर एकच फोटो पाठवला, खापरपणजोबांचा बाप्तिस्मा म्हणून. तो घेऊन मी फादरांकडे गेले. त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं, 'सेपुल्तुस', म्हणजे पुरला. बाप्तिस्म्याची नोंद नव्हतीच ती, चार महिन्यांच्या बाळाच्या दफनाची होती! फादरांनी मग आमचीच वही काढली, त्यात दोन वर्षांनी त्याच आईबापांना झालेला दुसरा मुलगा, त्यालाही तेच नाव. हे पूर्वी खूप चालायचं, मूल गेलं की पुढच्याला तेच नाव. आमचे खापरपणजोबा हे दुसरे. त्याने नाव जुळलेलं बघितलं आणि चिकटवून दिलं, आणि त्याच्या वरची सगळी नावं तर आमच्या वहीत कुठेच नाहीत.

तुम्ही कोणाला काम देणार असाल तर प्रत्येक पिढीमागे पानाचा फोटो घ्या, नुसता चार्ट घेऊ नका. आणि मयताची वही बघितली का ते नक्की विचारा. फॅमिलीसर्च या वेबसाइटवर बऱ्याच ठिकाणची रजिस्टरं फुकट बघता येतात, पैसे देण्याआधी तिथे बघून घ्या, आम्ही नाही बघितलं.

त्या माणसाचा फोन आता लागत नाही. पैशांपेक्षा पप्पांना सांगताना जास्त वाईट वाटलं. त्यांनी काही न बोलता फ्रेम उतरवली, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले त्या बाळाचं नाव मात्र आपल्या वहीत लिहून ठेव, ते आपलंच होतं.