क्रिमिनॉलॉजीत एमए करावं का? माझी दोन वर्षं

तालुक्याच्या कोर्टात सहा वर्षं वकिली केल्यावर २०२३मध्ये मी क्रिमिनॉलॉजीच्या, म्हणजे गुन्हेगारीशास्त्राच्या एमएला प्रवेश घेतला. घरच्यांचं म्हणणं होतं, शिकायचंच आहे तर एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) कर. लॉ कॉलेजात शिकवायचं असेल तर ते बरोबरच आहे, तिथे एलएलएमच लागतं. मला मात्र आपण ज्यांना 'आरोपी क्रमांक दोन' म्हणतो ती माणसं बघायची होती.

ती दिसली फील्डवर्कमध्ये. आठवड्यातले दोन दिवस जिल्हा कारागृह. वकील म्हणून मी मुलाखतीच्या जाळीपर्यंतच जायची, बराकीपर्यंत कधी गेले नव्हते. पहिल्याच महिन्यात एका कच्च्या कैद्याची, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचा असलेल्या कैद्याची, फाइल हातात आली. वय बावीस, वीटभट्टीवरचा मजूर, मोबाइल चोरीचा गुन्हा. पंधरा हजारांचा जामीन मंजूर होऊन अकरा आठवडे झाले होते आणि पोरगा अजून आतच. जामीनदार कोण राहणार? नात्यात कुणाच्या नावावर सातबारा नाही, मग ऐपतीचा दाखला कुठून आणायचा? जामिनाचा आदेश फाइलला टाचलेला होता आणि पावसाळ्यात टाचणीला गंज चढून त्याचा डाग खालच्या कागदावर उतरला होता.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी यासाठीच निर्देश दिलेत. जामीन मिळूनही ७ दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी गरिबांना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. हे मी वर्गात पहिल्यांदा वाचलं, वकिली करताना नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. आमच्या मॅडमनी मला अर्ज लिहायला बसवलं, प्राधिकरणाच्या वकिलांनी तो कोर्टात दिला आणि मुलगा जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सुटला. गेटबाहेर आल्यावर त्याने विचारलं, "ताई, आता तारखेला कुठल्या कोर्टात यायचं?" ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

देशातल्या दर ४ कैद्यांपैकी जवळपास ३ कच्चे कैदी आहेत. हा आकडा मला आधीही माहीत होता. पण त्या दिवसापासून तो वाचला की ती टाचणी आठवते.

थिअरीचे पेपर बरेचसे परदेशी मांडणीचे आहेत, संख्याशास्त्राचा तर कसाबसा काढला. पण एक तास विसरणार नाही. इटालियन गुन्हेगारीशास्त्रज्ञ लोम्ब्रोसोचा 'जन्मजात गुन्हेगार' शिकवताना सरांनी १८७१च्या क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्टचा, म्हणजे काही जमातींना सरसकट गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजांच्या कायद्याचा, विषय काढला. वर्गातली पारधी समाजातली मैत्रीण उठून सोलापूरच्या सेटलमेंटबद्दल, म्हणजे अशा जमातींना डांबून ठेवायच्या वसाहतीबद्दल, बोलली. तारेच्या कुंपणाआड तिच्या आजीची हजेरी लागायची. कायदा १९५२मध्ये गेला, तरी गावात चोरी झाली की पोलिस आधी कुणाच्या पालावर जातात, हे तिने सांगितलं. त्या तासाला सरांनी पुढे काही शिकवलं नाही, तिलाच बोलू दिलं.

आता तक्रार. १ जुलै २०२४पासून जुन्या दंड संहितेच्या आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तरी आमच्या नोट्स शेवटपर्यंत जुन्याच कलमांच्या. आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं की, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, आधी कुठल्याच गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडायचं. जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही हे लागू आहे, असं ऑगस्ट २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयात स्पष्ट झालं. आमच्या नोट्समध्ये मात्र जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३६अ प्रमाणे सरसकट निम्म्या शिक्षेचीच अट. विद्यार्थ्याने हे चुकीचं पाठ करून कारागृहात काम केलं तर कुणाचे तरी महिने नाहक आत जातात. मी लेखी कळवलं, उत्तर आलं नाही.

नोकरीचं म्हणाल तर ही पदवी घेऊन पोलिसांत थेट पद मिळत नाही. प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट परीक्षेला गुन्हेगारीशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, तो मार्ग आहे. आमच्यातले काही जण संस्थांमध्ये कमी पगारावर कैद्यांचं काम करतात, मनापासून करतात. मी परत कोर्टात आले आणि आता आठवड्यातून एकदा कारागृहाच्या विधी सहाय्य केंद्रात बसते.

प्रवेश घेण्याआधी एवढं विचारा, फील्डवर्क कुठे असतं, आठवड्याला किती दिवस, आणि सोबत अनुभवी माणूस असतो का. फक्त वर्गात बसवणार असतील तर दुसरं विद्यापीठ बघा.