शून्य टक्के बिअर : चवीला चांगली, पण सोबर माणसासाठी नाही

दारू सोडून मला नऊ वर्षे झाली आहेत. ‘आता थोडी, मोजून घेतली तर चालेल का?’ हा प्रश्न मात्र मनातून पुरता गेला नव्हता, आणि म्हणूनच सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये ‘०.०’ लिहिलेले कॅन दिसले तेव्हा मी दोन उचलले. चवीबद्दल तक्रार नाही. फेस दाट येतो, कडवटपणा ओळखीचा आहे, गोडवा किंचित जास्त वाटतो. ज्याला व्यसन कधीच नव्हते आणि ज्याला रात्री गाडी चालवायची आहे, त्याने हे पेय खुशाल घ्यावे. लेबल मात्र नीट वाचावे, कारण आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार ०.५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेले पेय मद्यात मोडत नाही आणि ‘नॉन-अल्कोहोलिक’ म्हणजे दर वेळी निखळ शून्य असतेच असे नाही.

माझ्या बाबतीत जे घडले त्याचा चवीशी संबंध नव्हता. ओतताना ग्लास आपोआप तिरका धरला गेला, पाठोपाठ मी शेंगदाण्यांचा डबा काढला, आणि चौथ्या दिवशी सहा कॅन आणून स्कूटरच्या डिकीत रेनकोटखाली लपवले. घरात ज्या वस्तूला कोणाचीच हरकत नव्हती, ती मी लपवली होती! रात्री माझ्या स्पॉन्सरना, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या गटातील मला आधार देणाऱ्या अनुभवी सोबत्याला, फोन केला, तेव्हा किती प्यायलो हे त्यांनी विचारलेच नाही, “ठेवलेत कुठे?” एवढेच विचारले.

मोजून पिण्याची आशा जुनी आहे. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील डॉ. डी. एल. डेव्हिस यांनी १९६२ मध्ये ९३ रुग्णांपैकी ७ जण पुन्हा सामान्य माणसांसारखे पिऊ लागल्याचे नोंदवले आणि मोठी खळबळ उडाली. पण १९८५ मध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स यांनी त्याच सातजणांचा माग काढला, तेव्हा बहुतेकांचे पिणे मधल्या काळात पुन्हा हाताबाहेर गेल्याचे दिसले. व्यसन जडण्याआधी प्रमाण कमी करणे अनेकांना जमते, हे मला मान्य आहे. परंतु सकाळचा पहिला घोट पोटात गेल्याशिवाय ज्याच्या हातात चहाचा कप स्थिर राहत नव्हता, त्या माझ्यासारख्याला ०.० हा मोजून पिण्याचा सराव ठरतो, आणि मी तो जाणूनबुजून सुरू केला होता.

दुसऱ्या दिवशी उरलेले कॅन बायकोसमोर बेसिनमध्ये ओतले आणि संध्याकाळी गटाच्या मीटिंगमध्ये हे सगळे शेअर केले.