ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल: आश्वासने मोठी, महत्त्वाचा आकडा गायब

ऑनलाइन मागवलेल्या या डबीच्या दर्शनी भागावर ‘लिव्हर डिटॉक्स’ आणि ‘शक्तिशाली अँटिऑक्सिडंट’ अशी दोन आश्वासने ठळक अक्षरांत छापलेली आहेत. मागे, बारकोडच्या शेजारी, भिंगाशिवाय वाचता येऊ नये अशा टायपात एका कॅप्सूलमध्ये 500 मिलिग्रॅम अर्क आणि त्यात 50 टक्के पॉलिफेनॉल (वनस्पतींतील अँटिऑक्सिडंट संयुगे) असल्याची नोंद आहे. परंतु यकृताच्या दृष्टीने ज्याचे प्रमाण कळायलाच हवे, त्या ईजीसीजी या ग्रीन टीतील प्रमुख पॉलिफेनॉलचा आकडा कुठेच नाही.

ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही. पूरक आहारातून दररोज 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी घेतल्यास रक्तातील यकृत-एन्झाइमे (यकृताला इजा होत असल्याची खूण) वाढतात, असा निष्कर्ष युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये काढला. अमेरिकेतील मिनेसोटा येथे रजोनिवृत्तीनंतरच्या हजाराहून अधिक स्त्रियांवर वर्षभर झालेल्या चाचणीत रोज सुमारे 843 मिलिग्रॅम ईजीसीजी देण्यात आले, तेव्हा अर्क घेणाऱ्यांपैकी 5.1 टक्के स्त्रियांच्या यकृत-चाचण्यांत मध्यम किंवा त्याहून गंभीर बिघाड दिसला. अर्क नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण 0.7 टक्के होते. लेबलानुसार दिवसाला दोन कॅप्सूल घेतल्यास पॉलिफेनॉलच 500 मिलिग्रॅम होते आणि ईजीसीजी हा त्याचाच एक भाग असल्याने ही मर्यादा ओलांडली जात नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र सोबत ग्रीन टी अर्क असलेली ‘फॅट बर्नर’ पावडर घेणाऱ्याने बेरीज करायची ती कशाच्या आधारावर?

त्याहून खटकते ती ‘सकाळी अनशापोटी घ्या’ ही सूचना. काढ्याला शोभणारा हा सल्ला इथे उलटा आहे, कारण रिकाम्या पोटी ईजीसीजी रक्तात अधिक प्रमाणात उतरते. म्हणूनच युरोपीय संघाच्या 2022 च्या नियमानुसार अशा उत्पादनांवर ‘रिकाम्या पोटी घेऊ नये’ असा इशारा छापणे बंधनकारक आहे.

अँटिऑक्सिडंटचा दावा पूर्णपणे खोटा नाही. मात्र तो ज्यावर आधारलेला आहे ते कॅटेचिन (ईजीसीजी ज्यात मोडते तो पॉलिफेनॉलचा गट) शोषले जाते थोडेच आणि काही तासांत रक्तातील त्याची पातळी पुन्हा उतरते. तेवढ्यावरून यकृत सुधारल्याचे सिद्ध होत नाही. फॅटी लिव्हरच्या काही लहान चाचण्यांत एन्झाइमे कमी झाल्याचे दिसले असले, तरी ‘डिटॉक्स’ हा शब्द छापण्याइतका तो पुरावा भक्कम नाही.

डबीचे सील, सिलिका जेलची पुडी, सहज गिळता येणारी कॅप्सूल याबद्दल तक्रार नाही. पाचपैकी दोन तारे त्यासाठीच. ईजीसीजीचे प्रमाण विचारल्यावर ग्राहक सेवेकडून ‘आमचे उत्पादन शंभर टक्के नैसर्गिक आहे’ एवढेच उत्तर आले. पूर्वी कावीळ किंवा यकृताचा विकार झालेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ही कॅप्सूल घेऊ नये. इतरांना ती घेताना मळमळ, गडद लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा जाणवल्यास ती तत्काळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे आणि एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) करून घ्यावी.