धंद्याचं नाव: शॉप अ‍ॅक्टवर भागतं की ट्रेडमार्कही घ्यावा?

स्वतःचं नाव सोडून वेगळ्या नावानं धंदा करणाऱ्या एकट्या मालकासाठी आपल्याकडे फर्मच्या नावाची स्वतंत्र नोंदवहीच नाही. त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो की शॉप अ‍ॅक्ट (दुकानाची सरकारी नोंद) आणि उद्यम (लघुउद्योगांची केंद्र सरकारी नोंदणी) यांवर भागवायचं, की ट्रेडमार्कही, म्हणजे नावावरच्या हक्काची नोंदणीही, घ्यायचा.

शॉप अ‍ॅक्टचा खरा उपयोग बँकेत होतो. फर्मच्या नावानं चालू खातं उघडायला बँक त्या नावाचे दोन पुरावे मागते. शॉप अ‍ॅक्ट आणि उद्यम दिलं की बहुधा काम होतं. उद्यमला सरकारी फी नाही. कोणी एजंट 'गव्हर्नमेंट चार्ज' सांगत असेल तर सरळ उठून या. जीएसटीच्या अर्जात ट्रेड नेमचा वेगळा रकाना असतो, पॅन मात्र मालकाचाच.

पण कागदावर नाव छापून आलं म्हणून ते तुमच्या मालकीचं होत नाही. पलीकडच्या गल्लीतलाही त्याच नावानं शॉप अ‍ॅक्ट काढू शकतो. कोर्टात तर गंमतच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३०, नियम १० प्रमाणे तुमच्यावर दावा दुकानाच्या नावानं लागू शकतो, पण उधारी वसूल करायला तुम्हाला स्वतःच्या नावानंच जावं लागतं. म्हणून बिलावर 'प्रोप्रायटर' लिहून मालकाचं नाव छापलेलं बरं.

ट्रेडमार्कला व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन फी एका वर्गाला, म्हणजे मालाच्या एका प्रकाराला, ४,५०० रुपये, वकिलाचे वेगळे. मसाले वर्ग ३० मध्ये येतात. अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर इतरांना हरकत घ्यायला ४ महिने असतात. नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. 'गावरान मसाले' असं नुसतं वर्णन करणारं नाव सहसा अडकतं. शिवाय तुमच्या आधीपासून तेच नाव वापरणाऱ्याला कायदा हटवत नाही, त्यामुळे जुनी बिलं रद्दीत घालू नका.

एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा कंपनी केली तर तसंच नाव कंपनी निबंधक दुसऱ्या एलएलपीला किंवा कंपनीला देत नाही, पण तेही ट्रेडमार्क नव्हे. फक्त नावासाठी एवढा वार्षिक व्याप ओढवून घेऊ नये.

माझं मत विचाराल तर गिरणी, झेरॉक्स, सलून यांना शॉप अ‍ॅक्ट पुरे. पाकिटावर नाव छापून माल दुसऱ्या जिल्ह्यात किंवा ऑनलाइन जाणार असेल, तर पाकिटं छापायला टाकण्याआधीच ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर फुकट शोध घ्या आणि अर्ज करा.

महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीचा नियम मात्र ट्रेडमार्क असो वा नसो, सारखाच: नाव देवनागरीत हवं आणि ती अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत. दारूच्या दुकानाला गडकिल्ल्याचं नाव तर २०२२ पासून देताच येत नाही.