सुरक्षिततेचे प्रमाणपत्र, आणि सिमेंटने बुजवलेली वीप होल

डोंगरउतारावर ज्यांचे घर आहे आणि घराच्या मागे किंवा खाली संरक्षक भिंत आहे, त्यांनी वाचावे म्हणून आमच्या वसाहतीची झालेली फसवणूक तपशिलासह लिहीत आहे. आमचे पैसे गेले, हा त्यातला लहान भाग आहे. जी भिंत आधी कशीबशी का होईना आपले काम करत होती, ती या व्यवहारामुळे खरोखर धोकादायक झाली, हा मोठा भाग.

आमची वसाहत रत्नागिरी जिल्ह्यात एका उतारावर दोन टप्प्यांत वसलेली आहे. दोन टप्प्यांच्या मधे सुमारे तेरा फूट उंचीची भिंत असून खालच्या ओळीतील घरांची स्वयंपाकघरे तिच्यापासून जेमतेम आठ-दहा फुटांवर आहेत. भिंतीचा खालचा नऊ फुटांचा भाग काळ्या दगडात बांधलेला आहे, आणि वरचे चार फूट हे वरच्या ओळीतील मालकांनी नंतर अंगण सपाट करण्यासाठी चिरे चढवून वाढवलेले आहेत. २०२२ च्या पावसाळ्यानंतर या दोन भागांच्या सांध्यालगत गिलाव्यावर आडवी भेग दिसू लागली आणि मधल्या भागाला किंचित पोट आल्यासारखे वाटू लागले. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे पुढच्या मृगाआधी काहीतरी केले पाहिजे यावर दोन्ही ओळींचे एकमत झाले. एरवी आमचे एकमत पाण्याच्या टाकीच्या रंगावरही होत नाही.

अशा वेळी एक गृहस्थ स्वतःहून आले. भेटीच्या कार्डावर नावापुढे ‘चार्टर्ड’ (म्हणजे व्यावसायिक संस्थेची मान्यता असलेला अभियंता) असा शब्द आणि सदस्यत्वाचा क्रमांक होता, आणि हातात वर्तमानपत्रांच्या कात्रणांची फाइल होती. २९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्याला सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून पंधरा जण दगावले, त्यानंतर तीनच दिवसांनी मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची भिंत वस्तीवर पडली, २०२१ च्या जुलैत चेंबूरच्या भारतनगरमध्ये दरडीबरोबर भिंत घरांवर आली, अशी सारी कात्रणे त्यांनी एकेक करून पुढे ठेवली. “काका, या भिंतीही आदल्या दिवशी उभ्याच होत्या,” हे त्यांचे वाक्य आम्हा सर्वांच्या मनात घर करून बसले. त्या घटना खऱ्या होत्या, भीतीही खरी होती. मात्र कोणत्या भिंतीचा पाया कसा होता आणि तिच्यामागे पाणी कसे साचले, याबद्दल त्या फाइलीत एक ओळही नव्हती.

त्यांची तपासणी दिसायला फार शास्त्रीय होती. रिबाउंड हॅमर नावाचे हातात धरायचे उपकरण त्यांनी भिंतीवर ठिकठिकाणी दाबले, प्रत्येक आकडा साहाय्यकाने मोठ्याने वाचून वहीत लिहिला, छायाचित्रे काढली आणि आठवड्याभरात रंगीत आलेखांचा जाडजूड अहवाल दिला. हे उपकरण काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजते. भारतीय मानकानुसार त्यावरून काढलेल्या काँक्रीटच्या ताकदीच्या अंदाजात पंचवीस टक्क्यांची चूक इकडे किंवा तिकडे धरावी लागते. आमची भिंत तर काँक्रीटची नव्हेच; दगडी बांधकामावरच्या सिमेंटच्या गिलाव्यावर हातोडी दाबून आलेले आकडे हे फक्त गिलाव्याचे आकडे होते. भिंतीच्या बुडाशी एक फूटभरही खोदले गेले नाही, आणि वरच्या अंगणात तर ते गृहस्थ गेलेच नाहीत.

अहवालाचा निष्कर्ष असा होता की भिंत मुळात भक्कम आहे, परंतु ‘पाण्याच्या गळतीमुळे’ तिची झीज होत आहे, म्हणून भेगा पॉलिमरने भरून संपूर्ण दर्शनी भागावर जलरोधक लेप द्यावा. पुरावा म्हणून त्यांनी भिंतीतील भोकांखाली पडलेले तांबूस ओघळ दाखवले. लेपाचे काम अर्थातच त्यांचीच माणसे करणार होती. तपासणीचे पंचवीस हजार आणि लेपाचे तीन लाख साठ हजार रुपये दोन्ही ओळींतील घरांनी वाटून दिले. काम झाल्यावर गोल शिक्का मारलेले ‘भिंत दहा वर्षांसाठी सुरक्षित’ असे प्रमाणपत्र मिळाले आणि वसाहतीच्या कार्यालयात ते चौकटीत लावले गेले.

ती भोके म्हणजे वीप होल. भिंतीमागच्या भरावात मुरलेले पाणी बाहेर पडावे म्हणून बांधतानाच पाइपाचे तुकडे घालून ती ठेवलेली असतात, आणि पावसाळ्यात त्यांतून पाणी येणे हे भिंत ठीक असल्याचे लक्षण असते. त्यांतून गढूळ पाणी येऊ लागले, तर मागची माती वाहून जात आहे असे समजून काळजी करावी. आणि मुसळधार पावसातही ती कोरडी राहिली, तर त्याहून अधिक काळजी करावी. आमची भोके सिमेंटने बुजवून त्यांवरून लेप फिरवला गेला.

२०२३ च्या जुलैत, रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली त्याच आठवड्यात, आमच्याकडे दोन दिवस पावसाने उसंत घेतली नाही. नवा लेप कोरडा ठणठणीत होता, परंतु भिंतीच्या बुडाशी गटारात लाल पाणी उमळू लागले आणि चिऱ्यांचा वरचा भाग खालच्या बाजूला कलल्याचे नुसत्या डोळ्यांना दिसू लागले. खालच्या ओळीतील कुटुंबे शाळेच्या वर्गखोल्यांत राहायला गेली. ओळखीतून एका अभियांत्रिकी महाविद्यालयात भूतंत्र (माती आणि पाया यांचे अभियांत्रिकी शास्त्र) शिकवलेले निवृत्त प्राध्यापक आले. त्यांनी सर्वांत आधी वरच्या अंगणातील पन्हळींचे पाणी लांब पाइपांनी दुसरीकडे वळवायला लावले आणि गवंड्याकडून बुजवलेली भोके एकाआड एक फोडून घेतली. फोडलेल्या पहिल्याच भोकातून पाण्याची धार हातभर लांब उडाली.

नंतर त्यांनी आम्हाला जो हिशेब कागदावर मांडून दाखवला, तो मुद्दाम येथे देत आहे. चार मीटर उंचीच्या भिंतीमागे निचरा होणारी कोरडी माती असेल, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण पाच टनांचा रेटा येतो. तीच माती वरपर्यंत पाण्याने भरली, तर एकट्या पाण्याचाच रेटा आठ टन होतो आणि मातीचा धरून तो दहा टनांच्या पुढे जातो. म्हणजे भोके बुजवल्याने भिंतीवरचा भार दुपटीहून अधिक होऊ शकतो, आणि लेपामुळे मात्र तिच्या ताकदीत कणभरही भर पडत नाही. निव्वळ स्वतःच्या वजनावर उभ्या राहणाऱ्या दगडी भिंतीच्या तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून कमी असू नये, असा ढोबळ नियमही त्यांनी सांगितला.

पाऊस ओसरल्यावर त्यांनी भिंतीच्या बुडाशी आणि वरच्या अंगणात चाचणीचे खड्डे घेतले. तळाची रुंदी तीन फूट निघाली. तेरा फुटांना ती किमान साडेसहा हवी होती. पाया एका टोकाला कातळावर, तर दुसऱ्या टोकाला जेमतेम दीड फूट खोलीवर सैल मुरमात होता. मागे दगडगोट्यांचा निचरा थर नव्हताच. चिरे चढवताना पाठीमागे विटांचे तुकडे, राडारोडा आणि लाल माती लोटून दिलेली होती. यातली एकही गोष्ट समोरून हातोडी दाबून कळणारी नव्हती. भिंतीची ताकद तिच्या तळाशी आणि धोका तिच्या पाठीशी असतो. जो तपासणीस या दोन्ही जागा न पाहता निकाल देतो, तो काहीच न पाहता निकाल देतो.

तक्रार करायला गेल्यावर फसवणुकीची खरी बांधणी उलगडली. तीन लाख साठ हजारांच्या पावतीवर केवळ ‘रंगकाम व जलरोधक लेप’ लिहिलेले होते, आणि तो लेप तर खरोखर दिलेला होता. तपासणीच्या पंचवीस हजारांची पावती ‘छायाचित्रण व अहवाल छपाई’ अशी होती. प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘निष्कर्ष दृश्य पाहणीपुरते मर्यादित’ असे छापलेले होते, आणि ते चौकटीत लावलेले असल्यामुळे मागची बाजू कोणाच्या नजरेस पडत नव्हती. पोलीस ठाण्यात हा दिवाणी वाद असल्याचे सांगून केवळ अर्ज ठेवून घेतला गेला. कार्डावरील पदवीची संबंधित व्यावसायिक संस्थेकडे लेखी चौकशी केल्यावर त्या क्रमांकाचा सदस्य दुसराच कोणी असल्याचे उत्तर आले, आणि त्या पत्रामुळे प्रकरणाला थोडे वजन आले. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आणि नोंदवही आहे. अभियंता म्हणवून घेणाऱ्यांसाठी तशी देशव्यापी नोंद आमच्या वेळी नव्हती, आणि असे लोक नेमक्या याच फटीतून आत येतात. आता काही घरमालकांनी मिळून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. व्यवहाराची रक्कम पाच लाखांच्या आत असल्यास तेथे शुल्क लागत नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतींची तीन वर्षांतून एकदा संरचना तपासणी सांगितली आहे. प्रत्यक्षात ही तपासणी इमारतीच्या खांबांपाशी थांबते आणि मागच्या भिंतीकडे कोणी वळत नाही. म्हणून भिंतीच्या तपासणीची मागणी वेगळी, लेखी करावी, आणि त्यात पायाची खोली, तळाची रुंदी, मागच्या भरावाचा प्रकार व पाण्याचा निचरा या बाबींवर तपासणीसाने आपल्या सहीने काय ते लिहून द्यावे, असा आग्रह धरावा. जो तपासेल त्याला दुरुस्तीचे काम देऊ नये. भेगेवर काचेची पट्टी दोन्ही कडांना सिमेंटने चिकटवून वर तारीख टाकावी. ती तडकली तर भिंत हलते आहे हे कोणत्याही अहवालाशिवाय कळते, आणि खर्च शंभर रुपयांचाही नाही. वरच्या टोकावरून सोडलेला ओळंबा भिंतीच्या बुडापासून किती अंतरावर येतो, हे दर महिन्याला मोजून लिहून ठेवणे घरातील कोणालाही जमते.

आमच्या भिंतीचे चिरे आता उतरवले आहेत, वरच्या अंगणांची उंची कमी झाली आहे, आणि खालच्या भागाला पाठीमागून निचऱ्याचा थर देण्याचे काम टप्प्याटप्प्याने चालू आहे. त्याचा खर्च त्या लेपाच्या कित्येक पट आहे. तेच गृहस्थ वेगळ्या नावाचे कार्ड घेऊन जवळच्या तालुक्यात फिरत असल्याचे कानावर आले आहे. ‘दहा वर्षांसाठी सुरक्षित’ असे गोल शिक्क्याचे प्रमाणपत्र आपल्या वसाहतीतही चौकटीत लावलेले असेल, तर ते काढून मागची बाजू वाचावी, आणि भिंतीतील भोके लेपाखाली गेली असतील तर ती पाऊस सुरू होण्याआधी जाणकार अभियंत्याच्या देखरेखीखाली मोकळी करून घ्यावीत. भिंत आधीच कललेली असेल, तर भोके फोडण्यापूर्वी खालच्या घरांतील माणसे हलवावीत.