शाळेत मूडल लावलं त्याला आता शाळेचं वर्ष होत आलं, काय चाललं नि काय नाही

मी काही कम्प्युटरवाला नाही, नागपुरात एका मराठी शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. आपल्या विदर्भात उन्हापायी शाळा जूनच्या शेवटी उघडते, तेव्हापासून मूडल वापरून राहिलो आम्ही, सहामाही झाली, आता दहावीचा सरावही त्याच्यावरच चालू आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मूडल म्हणजे ऑनलाइन अभ्यास, गृहपाठ नि परीक्षा घ्यायची साइट चालवणारं सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डूगियामास यांनी २००२ साली याची पहिली आवृत्ती काढली, ओपन सोर्स आहे, लायसनचे पैसे लागत नाहीत. पण होस्टिंग (साइट ठेवायला भाड्याची जागा) लागतं, डोमेन (साइटचा पत्ता) लागतं आणि रात्री साडेदहाला "सर पासवर्ड विसरलो" म्हणणाऱ्याला उत्तर देणारा एक माणूस लागतो. आमच्याकडे तो मीच.

पासवर्डचंच आधी सांगतो कारण पहिला महिना त्यातच गेला. प्रत्येक खात्याला ईमेल लागतो आणि पोट्ट्यांकडे ईमेल कुठून येणार? बापाचा एक, तोच मोठ्या बहिणीला, तोच धाकट्याला. एकाच ईमेलवर दोन खाती चालू द्यायची सेटिंग ॲडमिनमध्ये आहे, ती शोधून चालू करा, नाहीतर भावाबहिणीपैकी एकाचं खातं बनतच नाही. नावांची यादी सीएसव्हीमधून (एक्सेलमधून निघणारी साधी तक्त्याची फाइल) एकदम चढते, फक्त फाइल यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरं नीट साठवणारा प्रकार) सेव्ह करा, नाहीतर मराठी नावांची पार खिचडी होते.

आता मुद्द्याचं. व्हिडिओ, पीपीटी, नोट्स वगैरे हौसेने चढवलं, कोणी पाहिलं नाही. लॉग उघडला की दिसतं नं कोणी काय उघडलं ते. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेतच, सरकारच्या दीक्षा ॲपवर व्हिडिओ आहेत, यूट्यूब आहे, मग माझी पीपीटी कोण पाहील? चाललं ते क्विझ. त्यातही 'कॅल्क्युलेटेड' नावाचा प्रश्नप्रकार, त्याच्यात सूत्र आपण द्यायचं आणि आकडे प्रत्येक पोराला वेगळे पडतात. भिंगाच्या धड्यावर लावला, वस्तूचं अंतर आणि नाभीय अंतर प्रत्येकाला निराळं, प्रतिमेचं अंतर काढा. आधी व्हॉट्सॲपवर उत्तरांचे स्क्रीनशॉट फिरायचे, आता फिरवून फायदाच नाही, तर ग्रुपवर पोरं एकमेकांना विचारायला लागली की वस्तूचं अंतर ऋण काहून घ्यायचं. मला वर्गात घसा फोडून जे जमलं नव्हतं ते इथे झालं. उत्तर चुकलं की लगेच कुठे चुकलं ते दाखवता येतं (फीडबॅकच्या खान्यात लिहायचा कंटाळा करू नका, खरा माल तिथेच आहे).

पण प्रश्न चढवणं म्हणजे डोकेदुखी. शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका सगळ्या डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, कॉपी-पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. युनिकोड कन्व्हर्टरने बरंचसं निघतं तरी जोडाक्षरं हातानेच पाहावी लागतात. एका शब्दात उत्तराचे प्रश्न मराठीत जमतच नाहीत म्हणा, मूडल अक्षर न् अक्षर जुळवून पाहतं, पोराने ऱ्हस्वाचं दीर्घ केलं की शून्य. संभाव्य उत्तरं चार-पाच प्रकारे लिहून ठेवता येतात पण किती लिहाल? मी सरळ पर्याय निवडा आणि जोड्या लावा वर आलो.

वेळेचं पण ऐका. क्विझची मुदत संध्याकाळी पाचची ठेवली तर अर्धा वर्ग गैरहजर. फोन घरात एकच, तो बाबाकडे, आणि बाबा हिंगण्याच्या एमआयडीसीतून घरी येतात रात्री. सकाळी उघडून दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत चालू ठेवलं तेव्हा कुठे सगळे दिसायला लागले. याचा दुसरा फायदा म्हणजे सर्व्हरवर ताण नाही. स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग आहे (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट), अख्खा वर्ग एकाच मिनिटाला 'सुरू करा' दाबतो तेव्हा पान फिरतच राहतं. कम्प्युटर लॅबमध्ये एकाच वेळी परीक्षा घ्यायची असेल तर तुकड्या पाडा.

आणि हो, होस्टिंगवाल्याला क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सर्व्हरवरची सोय) लावायला सांगा. मूडलची बरीच कामं मागे त्याच्यावर चालतात, तो नसला तर ईमेल, सूचना काही जात नाही आणि आपण बसतो मोबाइल ॲपला दोष देत.

स्टाफरूमचं थोडक्यात. गणिताच्या मॅडम माझ्यापेक्षा पुढे गेल्या, बाकीच्यांचं म्हणणं की गुण इथे पण टाका आणि रजिस्टरमध्ये पण लिहा, दुप्पट काम. चूक नाही त्यांची. मूडलच्या ग्रेडबुकमधून (गुणांच्या तक्त्यातून) एक्सेल निघतं पण आमच्या निकालपत्रकाचा साचा वेगळा, रकाने हलवावेच लागतात. मुख्याध्यापक कागदी रजिस्टर बंद करत नाहीत तोवर हे असंच चालणार.

कोणी विचारलं घ्यावं का, तर मी उलट विचारतो, प्रश्नपेढी कोण बनवणार ते ठरलं का? नुसते गृहपाठाचे फोटो गोळा करायचे असतील तर गूगल क्लासरूम पुरे, सोपं पडतं. प्रश्नपेढी करायची असेल तर मूडलच, कारण एकदा बनली की पुढच्या वर्षी बॅकअप घेऊन नव्या कोर्समध्ये तशीच उतरवता येते. आकृत्या मात्र मी अजून वहीतच घेतो. किरणाकृतीचे फोटो अपलोड होतात, पण मोबाइलवर झूम करकरून तपासायचं तर रात्रीचे बारा वाजतात.