एका संध्याकाळी एकच लावायचा तर: ‘मिली’ की ‘सिंगिन इन द रेन’?

माझी भाची कथक शिकते. टॅप डान्स म्हणजे अमेरिकेतला तत्कारच, पायांनी ताल वाजवणं, असं मी तिला एकदा म्हटलं आणि ती मागेच लागली: मामा, एखादा टॅपचा सिनेमा दाखव ना, आणि जमलं तर त्या बॉबकट आणि झालरीच्या फ्रॉकच्या काळातला. विसाव्या शतकाच्या विशीतली गोष्ट, नाचगाणी आणि भरपूर हसू, एवढ्या अटींत माझ्याकडचे दोनच सिनेमे बसत होते. १९५२चा ‘सिंगिन इन द रेन’ आणि १९६७चा ‘थरोली मॉडर्न मिली’. एक निवडायचा होता. शेवटी दोन रविवारी दोन्ही दाखवले. तुम्ही अशाच पेचात असाल तर आमचा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

आधी ‘मिली’, कारण फ्लॅपर मुलगी, म्हणजे त्या काळातली केस कापलेली, आखूड स्कर्टातली बिनधास्त तरुणी, पाहायची असेल तर ती खरी इथेच भेटते. १९२२चं न्यू यॉर्क. शीर्षकगीत सुरू असतानाच ज्युली अँड्र्यूज केस कापते, स्कर्ट आखूड करते, गळ्यात लांब माळ घालते आणि ती माळ सरळ लोंबत नाही म्हणून कॅमेऱ्याकडे पाहते. मूकपटासारख्या पाट्या पडद्यावर येतात आणि तिच्या मनातलं आपल्याला सांगतात. तिला टायपिस्टची नोकरी हवी आहे, ती साहेबाशी लग्न करता यावं म्हणून. ही असली ‘मॉडर्न’ मुलगी ज्युलीबाईंनी इतक्या मनापासून उभी केली आहे की पहिली वीस मिनिटं मी डोळे हलवले नाहीत. हॉटेलची लिफ्ट नाचल्याशिवाय चालत नाही, ही कल्पना तर भाचीला एवढी आवडली की दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये तिची तत्कार चालू होती. एल्मर बर्नस्टीनना याच्याच संगीतासाठी ऑस्कर मिळालं, तेही आयुष्यातलं एकमेव.

काळाच्या तपशिलात दोन्हीकडे सवलत घेतली आहे. ‘मिली’त ‘बेबी फेस’ वाजतं, ते गाणं १९२६चं. मिलीइतके आखूड स्कर्टही खरं तर काही वर्षांनी आले. ‘सिंगिन’ची गोष्ट १९२७ची, मूकपट बोलू लागले तेव्हाची, पण ‘गुड मॉर्निंग’ १९३९चं. मला याचा त्रास होत नाही. कपडेपटाचा अभ्यास करणाऱ्यांना होऊ शकेल.

मला त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि माझी निवड तिनेच ठरवली.

‘मिली’त मुलींच्या हॉटेलची मालकीण मिसेस मीअर्स ज्या मुलींना पुढेमागे कोणी नाही अशा हेरते, त्यांना बेशुद्ध करते आणि दोन चिनी नोकरांकरवी कपड्यांच्या टोपलीतून पळवून विकते. हे सगळं विनोद म्हणून येतं. चिनी माणूस म्हणजे कपटी आणि हास्यास्पद, एवढाच त्यातला आधार. त्या नोकरांच्या भूमिका केल्या आहेत जॅक सू आणि पॅट मोरिता या दोन चांगल्या, जपानी वंशाच्या नटांनी. त्यांच्याकडून एवढंच करून घ्यावं याचं वाईट वाटतं. पहिल्यांदा मी एकटा पाहिला होता तेव्हा हा भाग नुसता लांबलेला वाटला होता. घरच्यांबरोबर पाहताना तसं राहिलं नाही. भाचीने विचारलं, “मामा, मुलींना विकतायत आणि आपण हसायचं का?” मी सिनेमा थांबवला, त्या काळात अमेरिकेत चिनी लोकांकडे कसं पाहत, ते जमेल तसं सांगितलं. पुन्हा लावला. दहा मिनिटांत पुन्हा तेच. नाच रंगात यायचा आणि हे कथानक मध्ये यायचं. सव्वादोन तासांच्या वर असलेल्या त्या सिनेमात मी चार वेळा रिमोट उचलला. शेवटचा भाग तर बहुतेक त्याच पळापळीत जातो.

‘सिंगिन’मध्ये रिमोट एकदाच उचलला. शेवटाकडे ‘ब्रॉडवे मेलडी’चं बारा-तेरा मिनिटांचं नृत्य येतं आणि गोष्ट जागीच उभी राहते. हा दोष खरा आहे. पण तिथेच काळ्याभोर बॉबकटातली, हिरव्या पोशाखातली सिड शरीस येते, आणि मी पुढे ढकलायला घेतला तेव्हा भाचीने माझा हात धरला.

तिला सर्वांत आवडला तो ‘मोझेस सपोझेस’. उच्चार शिकवणाऱ्या मास्तरांसमोर जीन केली आणि डॉनल्ड ओ’कॉनर जिभेला वळसे घेणारे शब्द म्हणतात आणि तेच पायांनी वाजवतात. “ही तर पढंत!” ती ओरडली. कथकमध्ये नाचाचे बोल आधी तोंडाने म्हणतात, ती पढंत. मला इतकी वर्षं हे सुचलं नव्हतं.

आणि आपल्याला हा सिनेमा जवळचा वाटण्याचं आणखी एक कारण आहे. मूकपटांची तारका लीना लॅमाँट, तिचा चिरका आवाज, आणि पडद्यामागे उभी राहून तिच्यासाठी गाणारी कॅथी. पडद्यावर एकीचं तोंड, आवाज दुसरीचा, श्रेय कोणाला? आपल्याकडे १९४९ साली ‘आयेगा आनेवाला’ची रेकॉर्ड आली तेव्हा तिच्यावर लताबाईंचं नाव नव्हतं, पडद्यावरच्या ‘कामिनी’चं होतं. आईला हे आठवलं आणि लीनाच्या मागचा पडदा वर ओढतात त्या प्रसंगाला ती चक्क टाळ्या वाजवत होती. गंमत अशी की कॅथी झालेल्या डेबी रेनॉल्ड्सच्या काही गाण्यांचा आवाज बेटी नॉइसचा आहे, आणि कॅथी लीनासाठी संवाद बोलते असं जिथे दाखवलंय तिथे ऐकू येतो तो लीना झालेल्या जीन हेगनचा स्वतःचा, चांगला आवाज.

तुम्हाला कपडे, टोप्या, माळा, पार्ट्या आणि फ्लॅपर मुलीचं मन हवं असेल, आणि सोबत मोठी माणसंच असतील, तर ‘मिली’ नक्की पाहा. निदान पहिला अर्धा तास. ज्युली अँड्र्यूजसाठी मीही तो पुन्हा लावीन. पण घरातले सगळे एकत्र बसणार असतील आणि एकच संध्याकाळ हातात असेल, तर मी ‘सिंगिन’ लावीन. भाचीने ‘मोझेस’ तेवढ्यात चारदा मागे नेऊन पाहिलं. आता ती त्याचे बोल वहीत उतरवतेय, तीनतालात बसतात का बघायला.